मारुती 800 चे सुटलेले कप्लर

माझी 2004 ची मारुती 800 पावसाळाभर गावी गोठ्याशेजारी उभी होती. दिवाळीला बॉनेट उघडलं तर उंदरांनी आत संसार थाटलेला. भाचा साफसफाईला लागला आणि हौसेने सगळे कप्लर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग) सोडून मोकळा झाला. फोटो नाही, खूण नाही.

अशा वेळी वायरच्या रंगावर जाऊ नका. तेल-धुळीत वीस वर्षांनी गुलाबी आणि करडा एकच दिसतो. आकारावरही नको. बॉश कंपनीच्या जुन्या इंजेक्शनमध्ये तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर यांना एकच कप्लर बसायचा.

डिजिटल मीटर घ्या. टेस्ट लॅम्प (तपासायचा दिवा) ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, वायरींना लावू नका, तो जास्त करंट ओढतो. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, चावी ऑन, इंजिन बंद. लाल टोक सुट्या कप्लरला.

दोन पिना आणि एकीवर 12 व्होल्ट: बहुधा इंजेक्टर. खात्रीसाठी इंजेक्टरच्या दोन पिनांत रोध मोजा, 12 ते 16 ओहम येतो. एकीवर 5 व्होल्ट आले तर तापमानाचा सेन्सर. पण पाण्याचा की हवेचा? गार इंजिनवर दोन्ही सारखेच, वीस अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास. वायर ओढाताण न होता थर्मोस्टॅटपाशी (इंजिनच्या पाण्याचा झडपेपाशी) पोचते का बघा; पोचली तर पाण्याचा. वायरिंग कारखान्यातच मापाने वाकवलेलं असतं, ते खोटं बोलत नाही. जवळच एकाच वायरीचा सेन्सर दिसला तर तो डॅशबोर्डच्या काट्याचा, त्याला यात धरू नका.

तीन पिना म्हणजे 5 व्होल्ट, अर्थिंग आणि सिग्नल: थ्रॉटल (हवेची झडप किती उघडली ते सांगणारा) किंवा मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) सेन्सर. कप्लर जोडून सिग्नलच्या वायरीवर मागून बारीक टाचणी लावा. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबताना व्होल्ट अर्ध्यापासून चारच्या आसपास चढले तर थ्रॉटल. इंजिन सुरू होताच खाली आले तर मॅप. एक्झॉस्टकडून लांब वायर घेऊन येतो तो ऑक्सिजन सेन्सर, त्याला ओळखायला मीटर लागत नाही.

मीटरचं जाड टोक कप्लरच्या तोंडात कोंबू नका, आतली पट्टी फाकते आणि महिन्याभराने डॅशबोर्डवर इंजिनची चेक लाइट लागते. काढणं-लावणं चावी बंद करूनच.

जोड्या लागल्या की दोन्ही बाजूंना नेलपॉलिशचे ठिपके दिले. बाटली बायकोची होती, ते तिला अजून कळलेलं नाही.