गलबताची वल्ही एका ओळीत कशी बसवावीत

आंग्र्यांच्या आरमारातील मोठी गलबते शिडांबरोबरच ४० ते ५० वल्ह्यांवर चालत. त्यामुळे त्यांची लाकडी प्रतिकृती करताना एका बाजूची २० वल्ही नजरेच्या अंदाजाने एकेक चिकटवली, तर कोन हमखास चुकतो आणि सारी मेहनत विस्कटलेली दिसते.

यावर पुठ्ठ्याची एक पट्टी पुरते. वल्ह्यांच्या छिद्रांसमोर कागद ताठ धरून त्यांच्या खुणा पेन्सिलीने घ्याव्यात आणि त्याच अंतराने जाड पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला व्ही आकाराच्या खाचा पाडाव्यात. ही पट्टी गलबताच्या कण्याला समांतर उभी करून प्रत्येक वल्ह्याचा दांडा, पात्याच्या किंचित अलीकडे, आपापल्या खाचेत टेकवावा. सर्व वल्ही आधी गोंदाशिवाय बसवून समोरून आणि वरून नीट पाहावीत, मगच छिद्रापाशी टाचणीच्या टोकाने फेव्हिकॉलचा थेंब सोडून रात्रभर हात लावू नये. दुसऱ्या बाजूसाठी तीच पट्टी पाठ फिरवून वापरावी, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात.

येथे फेव्हिक्विक मात्र टाळावे. त्याने लाकडावर पांढरट डाग पडतो आणि वल्हे पुन्हा सरळ करण्यास वेळच मिळत नाही.