एलएफपी सेल तपासताना आणि बॅलन्स करताना या चुका टाळा

सोलरवर नवा बॅटरी पॅक जोडला, बीएमएसचं (सेलवर नजर ठेवणाऱ्या, गरज पडली तर चार्जिंग तोडणाऱ्या बोर्डचं) अ‍ॅप उघडलं, सोळाच्या सोळा सेल ३.२९ व्होल्ट. सगळं जमलं असं वाटतं. चार दिवसांनी ऊन कडक पडतं, पॅक भरत येतो आणि नेमका तेव्हाच बीएमएस चार्जिंग तोडतो. सात नंबरचा सेल ३.६५ वर गेलेला, बाकीचे ३.३९ वरच रेंगाळलेले. लगेच विकणाऱ्याला फोन जातो की सेल खराब निघाला. बहुतेक वेळा त्या सेलला काहीच झालेलं नसतं. तो फक्त इतरांपेक्षा थोडा जास्त भरलेला होता आणि मधल्या व्होल्टेजवर ते दिसलं नाही.

एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, स्वभावच असा. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं. ४० टक्के भरलेला आणि ६० टक्के भरलेला सेल शेजारी ठेवा, विश्रांतीनंतर दोघांतला फरक दहा मिलिव्होल्टच्या आसपास मिळेल. बाजारातलं साधं मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर दहा मिलिव्होल्टचाच टप्पा दाखवतं, आणि अर्धा टक्का चूक धरली तर ३.३ व्होल्टवर सोळा मिलिव्होल्ट इकडेतिकडे. म्हणजे २८० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन सेलमध्ये ५६ एएचचा फरक असूनही मीटर दोघांना सारखंच म्हणेल. हा सेल खरं बोलतो ते दोन टोकांना: ३.४० च्या वर आणि ३.१० च्या खाली. तपासणी आणि बॅलन्सिंग (सगळे सेल सारख्या पातळीवर आणणं) दोन्ही तिथेच करायचं. एवढं न पटल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात.

आल्या आल्या सेल जोडायला घेणं

सेल येतात तेव्हा साधारण ३० ते ४० टक्के भरलेले असतात. खोकं उघडलं की आधी प्रत्येकावर मार्करने नंबर टाका आणि वहीत व्होल्टेज, वजन, क्यूआर कोड उतरवून घ्या. कोड खरवडलेला असेल, टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगचा वण असेल, पोट फुगलेलं असेल किंवा झाकणाजवळ गोडसर, थिनरसारखा वास येत असेल, तर तो सेल बाजूला. गळका सेल 'चालवून बघू' म्हणून पॅकमध्ये घालू नका. २.५ व्होल्टच्या खाली आलेलाही परत करा.

अंतर्गत रोध मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजायला जाऊ नका. आकडा तर मिळत नाहीच, मीटरही जाऊ शकतं. २८० एएचच्या नव्या सेलचा रोध पाव मिलिओहमच्या आत असतो. तो चार तारांच्या, एक किलोहर्ट्झच्या मीटरवरच मोजता येतो. असं मीटर नसेल तर क्षमतेची चाचणी जास्त उपयोगाची: सेल ३.६५ पर्यंत भरा, तासभर थांबा, २.५ व्होल्टपर्यंत उतरवा आणि किती एएच निघाले ते लिहा. २० अँपिअरच्या टेस्टरवर २८० एएचला चौदा तास लागतात. टेस्टरच्या सेन्सच्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या, दोन बारीक तारा थेट टर्मिनलवर लावा. त्या लावल्या नाहीत तर जाड तारांतला व्होल्टेज ड्रॉप सेलच्या नावावर जातो. वीस अँपिअरला दहा मिलिओहमची तार ०.२ व्होल्ट खाते, टेस्टर लवकर थांबतो आणि चांगला सेल कमी क्षमतेचा ठरतो. सगळे सेल एकाच तापमानाला तपासा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत आणि डिसेंबरच्या पहाटे घेतलेले आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

आपोआप उतरणारा सेल शोधायचा असेल तर भरलेल्या अवस्थेत ठेवून काही कळत नाही, कारण भरलेला सेल पहिले काही दिवस तसाही ३.६५ वरून ३.४० च्या खाली स्थिरावतो. सगळे सेल ३.० ते ३.१ च्या आसपास आणा, दिवसभर थांबून आकडा लिहा, मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच मीटरने परत बघा. त्या भागात उतार तीव्र असतो, थोडीही गळती उठून दिसते. पथदिव्यांतल्या ३२७०० गोल सेलचा पॅक बांधणाऱ्यांनी हे जरूर करावं. समांतर गटातला एक गळका सेल रोज सगळ्या गटाला खाली ओढतो.

एकमेकांना जोडून रात्रभर ठेवलं की समान होतात, हा समज

होत नाहीत. सपाट पट्ट्यात दोन सेलमध्ये दहा मिलिव्होल्टचाच फरक, म्हणजे ढकलणारा दाब नसल्यातच जमा. आठवडाभर ठेवले तरी थोडेच एएच इकडचे तिकडे होतात.

उलट एक सेल नुकताच ३.६० वर भरलेला आणि दुसरा ३.२० वर, असे जोडले तर ठिणगी उडते. दोन्ही सेल आणि जोड मिळून एक मिलिओहम धरा, ०.४ व्होल्टच्या फरकाला सुरुवातीला ४०० अँपिअर वाहू शकतात. समांतर जोडण्याआधी सगळे सेल ५० मिलिव्होल्टच्या आत हवेत.

पॉवर सप्लायचा नॉब वर फिरवणं

टॉप बॅलन्सिंगची पद्धत सोपी आहे: सगळे सेल समांतर जोडायचे आणि ३.६० ते ३.६५ व्होल्टवर एकत्र भरायचे. सर्वात जास्त सेल इथेच खराब होतात, म्हणून इथे घाई नको.

आधी हिशोब करा. २८० एएचचे चार सेल समांतर म्हणजे ११२० एएच. ३५ टक्के भरलेले धरले तरी ७३० एएच भरायचे आहेत. १० अँपिअरच्या सप्लायला तीन दिवस लागतील. सोळा सेल असतील तर बारा दिवस. म्हणून आधी सेल सिरीजमध्ये, बीएमएस लावून, पॅकच्या चार्जरने भरून घ्या. पहिला सेल ३.५५ ते ३.६० ला पोचला की थांबा. २० अँपिअरच्या चार्जरने हे रात्रभरात होतं. मग थोडा वेळ जाऊ द्या, सगळे ५० मिलिव्होल्टच्या आत आले की सिरीज सोडवून समांतर जोडा आणि उरलेलं थोडंच काम सप्लायवर करा.

सप्लायवर ३.६० व्होल्ट लावायचे ते सेल जोडण्याआधी, तारा मोकळ्या असताना, आणि डिस्प्लेवर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने तपासून. मल्टिमीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरलेली असेल तर आकडा चुकीचा, अनेकदा जास्त दिसतो. ती आधी बदला. जोडल्यावर सप्लायचं व्होल्टेज सेलच्या पातळीवर, ३.३ च्या आसपास, खाली येतं. ते बरोबर आहे. नॉबला हात लावू नका.

आता मगरचिमट्याच्या बारीक तारांचं बघा. सप्लायबरोबर येणाऱ्या तारांचा आणि चिमट्यांचा रोध सहज ५० मिलिओहम भरतो. दहा अँपिअरला अर्धा व्होल्ट तारेतच जातो. सप्लाय ३.६० दाखवतो, बसबारवर (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) मीटर ३.३२ दाखवतं आणि करंट दहावरून पाच-सहावर आलेला असतो. मग 'व्होल्टेज पुरत नाही' म्हणून कोणीतरी सप्लाय ४.१ वर नेतो. करंट वाढतो, काम पुढे सरकतं, माणूस झोपायला जातो. इकडे सेल भरत आले की करंट कमी होतो, करंट कमी झाला की तारेतला ड्रॉप नाहीसा होतो आणि पूर्ण ४.१ व्होल्ट सेलवर पडतात. सकाळी सेलची पोटं फुगलेली. फुगलेला सेल दाबून सरळ होत नाही.

उपाय तारेत आहे, नॉबमध्ये नाही. सहा चौरस मिलिमीटरच्या दोन हातभर तारा घ्या, दोन्ही टोकांना लग क्रिंप करा आणि बोल्टने कसा. पॉझिटिव्ह रांगेच्या एका टोकाला, निगेटिव्ह दुसऱ्या टोकाला. समांतर सेलवर बीएमएसचं संरक्षण नसतं, हे डोक्यात ठेवा.

आणखी एक सावधगिरी. तासन्‌तास ३.३५ वर अडकलेलं व्होल्टेज शेवटच्या काही तासांत झपाट्याने चढतं. तो टप्पा दिवसा, समोर बसून करायचा. ३.६० गाठल्यावर करंट एक-दोन अँपिअरवर आला की सप्लाय काढा. चार्ज लावून ठेवून 'अजून थोडं' म्हणण्यात फायदा नाही. आपल्याकडे लाईट येते-जाते. काही सप्लाय लाईट आल्यावर आउटपुट बंद ठेवतात, काही बंद अवस्थेत सेलमधूनच उलटा करंट ओढतात. लाईट गेली की तार सोडा, आली की व्होल्टेज परत मोजून मगच जोडा.

जोडातला दोष सेलच्या माथी

अ‍ॅपमध्ये पाच नंबरचा सेल चार्ज होताना सगळ्यात वर, लोड टाकला की सगळ्यात खाली, आणि दोन्ही बंद केलं की इतरांसारखा. हा असमतोल नाही, रोध आहे. नव्या सेलच्या बाबतीत तो बहुधा बोल्टखाली असतो. अशा जागी बॅलन्सर कितीही चालवला तरी काही होणार नाही.

पॅकवर ५० अँपिअरचा स्थिर लोड टाका, मीटर मिलिव्होल्ट रेंजवर घ्या. एक टोक सेलच्या टर्मिनलच्या धातूवर, दुसरं बसबारवर. चांगल्या जोडावर दोन-तीन मिलिव्होल्ट येतात. एका जोडावर २० आले तर तिथे ०.४ मिलिओहम आहेत, म्हणजे सेलच्या स्वतःच्या रोधापेक्षाही जास्त. तो जोड उघडा. सेलचं टर्मिनल अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्यावर ऑक्साइडचा थर लगेच धरतो. बारीक पॉलिश पेपरने टर्मिनल आणि बसबार दोन्ही घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अ‍ॅल्युमिनियमच्या जोडासाठीची पेस्ट पातळ लावा आणि लगेच कसा. एम-६ बोल्टला साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर, सेलच्या कागदात वेगळा आकडा असेल तर तो. हाताच्या अंदाजाने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. बोल्ट खोल जाऊन तळाला टेकत नाही ना तेही बघा. तळाला टेकलेला बोल्ट घट्ट लागतो, पण बसबार ढिलाच राहतो.

पान्याला मुठीपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. अंगठी, कडं, बांगडी काढून ठेवा. एका सेलचा शॉर्ट हजारो अँपिअरचा असतो. बऱ्याच चौकोनी सेलचं धातूचं कवच पॉझिटिव्हशी जोडलेलं असतं आणि वरचं निळं प्लास्टिक पातळ असतं, म्हणून दोन सेलमध्ये इपॉक्सी शीट हवीच. फ्यूज डीसीचाच; घरातली एसी एमसीबी डीसीचा आर्क तोडेल याची खात्री नसते.

बीएमएस सगळं बघून घेईल, ही अपेक्षा

साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट ३० ते १५० मिलिअँपिअर. २८० एएचच्या पॅकमध्ये एक सेल पाच टक्के पुढे असेल तर १४ एएच काढायचे आहेत. १०० मिलिअँपिअरने १४० तास. तेही पॅक ३.४० च्या वर असताना, म्हणजे रोजचा अर्धा-एक तास. साडेचार ते नऊ महिने गेले. त्यापेक्षा पॅक वरच्या टोकाला नेऊन पुढे असलेल्या एकाच सेलवर १ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर लावा. ३.३ अँपिअर वाहतात, तासाला ३.३ एएच कमी होतात. रेझिस्टर चांगलाच तापतो, लाकडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका. तासाभराने काढा, परत भरून बघा.

अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर एक-दोन अँपिअरचा असतो, पण तो चोवीस तास चालू ठेवला तर घात करतो. मधल्या पट्ट्यात रोधामुळे पडलेला फरक त्याला असमतोल वाटतो आणि तो चांगल्या सेलमधून चार्ज काढून भलतीकडे टाकतो. त्याच्या सेटिंगमध्ये सुरू होण्याचं व्होल्टेज ३.४० ते ३.४५, फरक १० मिलिव्होल्ट ठेवा. सेटिंग नसलेला बॅलन्सर असेल तर स्विच लावा आणि पॅक भरतानाच चालू करा.

बीएमएसच्या बारीक तारा जोडताना कनेक्टर बीएमएसमध्ये खोचलेला नको. आधी सगळ्या तारा सेलवर लावा, मग मोकळ्या कनेक्टरवर निगेटिव्हपासून एकेक पिन मोजा: ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे चढते आकडे आले पाहिजेत. एक तार चुकली की बोर्ड जळतो.

आता मूळ प्रश्न, कोणता सेल खरंच कमकुवत. एकच सेल भरताना सगळ्यांत आधी ३.६५ गाठतो आणि उतरताना तोच सगळ्यांत शेवटी खाली येतो, तर तो फक्त पुढे आहे, रेझिस्टर पुरेल. भरतानाही तोच आधी, उतरतानाही तोच आधी २.८ ला, तर त्याची क्षमताच कमी आहे. बॅलन्सिंगने ती वाढत नाही, सेल बदला. बॅलन्स करून दोन आठवड्यांत परत मागे पडतो, तर गळती.

इन्व्हर्टर जुन्याच सेटिंगवर

ट्युब्युलरच्या जागी लिथियम बसवला की इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजवर भरणं) आणि तापमानाची भरपाई (तापमानानुसार व्होल्टेज बदलणं) या दोन्ही गोष्टी बंद करा. चार सेलच्या पॅकला चार्जिंगचं व्होल्टेज १४.२, फ्लोट (भरल्यानंतर टिकवायचं व्होल्टेज) १३.५, सोळा सेलला ५६.८ आणि ५४. खालचा कट-ऑफ १०.५ वर ठेवू नका, तो सेलमागे २.६ होतो आणि कमकुवत सेल त्याआधीच २.५ खाली गेलेला असतो. १२ व्होल्ट ठेवा, सोळा सेलला ४८.

परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो आणि शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. पॅक पत्र्याखालच्या फळीवर नको, जमिनीलगत, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवा. तापमानाचा सेन्सर पेटीच्या हवेत लोंबकळू देऊ नका, मधल्या सेलच्या अंगाला चिकटवा. श्रावणात आठ-आठ दिवस ढग असले की पॅक वरच्या टोकाला पोचतच नाही आणि बॅलन्सरला संधी मिळत नाही. तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा लाईटवर पूर्ण भरा आणि ३.४५ च्या वर तासभर राहू द्या.