निवृत्तीनंतर काय करायचं? या चुका टाळा

नोकरीत माझं टेबल पेन्शनचं होतं. जिल्हा परिषदेतले शिक्षक, ग्रामसेवक, अभियंते शेवटच्या दोन वर्षांत माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. आता मीही निवृत्त आहे, तरी लोक साताऱ्यात शाहूपुरीत घरी येतात, ‘भाऊसाहेब, जरा केस बघा’ म्हणत. केस बहुतेक वेळा चोख असते. सेवापुस्तकातल्या नोंदी, ना-देय दाखला, नवरा-बायकोचा जोड फोटो, सगळं जागेवर. घोळ वेगळाच असतो. राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांना वयाच्या ५८ व्या वर्षी मोकळं करतात आणि ती तारीख नोकरीला लागल्या दिवसापासून माहीत असते. इतकी आगाऊ नोटीस आयुष्यात दुसऱ्या कशाचीच मिळत नाही. तरीही ‘पुढं काय?’ विचारलं की उत्तर एकच, ‘रिटायर झाल्यावर बघू.’

तेच तेच बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

फंडाच्या पैशातून नवं आयुष्य विकत घेणं

पाटबंधारे खात्यातले एक उपअभियंता. गाव कोरेगाव तालुक्यात. लेव्हलच्या कामात असा माणूस की नुसत्या नजरेनं उतार सांगावा. निवृत्तीआधी विचारलं तर म्हणाले, ‘गोठा टाकतोय.’ आयुष्यात गाईच्या कासेला हात लावलेला नाही, पण मोबाइलवर महाराष्ट्रातले सगळे यशस्वी गोठे बघून झालेले. पेन्शनचं अंशराशीकरण जास्तीत जास्त ४० टक्के करता येतं, ते त्यांनी पूर्ण केलं. म्हणजे एकरकमी पैसे हातात, पण पंधरा वर्षं दरमहा तेवढी पेन्शन कमी. ग्रॅच्युइटी आणि फंडही त्यातच घातला. मुक्त गोठा, धारा काढायचं मशीन, कुट्टी मशीन, एचएफ म्हणजे होल्स्टीन गाई. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. पेढे चांगले होते.

धार पहाटे काढावी लागते आणि संध्याकाळीही. रविवारी काढावी लागते, भाचीच्या लग्नाच्या दिवशीही. ठेवलेला गडी जत्रेला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. एका गाईला दगडी म्हणजे कासेचा रोग झाला, अर्धी कास गेली. डेअरीवर दुधाला भाव फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून, पेंडीचं पोतं मात्र छापील दरानं. साहेब गोठ्यात झोपायला लागले, वहिनी साताऱ्यात नातवाजवळ. दुसऱ्या उन्हाळ्यात चाराही विकत घ्यायची वेळ आली, तेव्हा गाई निम्म्या भावात काढल्या. शेड अजून आहे. लोक त्यात कांदा ठेवतात.

पैसे गेले ते गेलेच, पण मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. शेजारच्या वेळू गावानं २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, पहिला नंबर काढला, तेव्हापासून त्या पट्ट्यात गावोगाव श्रमदानाचं वारं होतं. साहेबांच्या गावची पोरं पातळी बघायची ए-फ्रेम घेऊन डोंगरावर पाणी जिरवायचे समपातळी चर आखत होती आणि चुकत होती. लेव्हल कळणारा माणूस त्यांना हवा होता. साहेब नोकरीत असतानाच पोरं विचारायला आली होती, शनिवार-रविवार तरी या म्हणाली. साहेब म्हणाले, रिटायर झाल्यावर बघू. ज्या कामात हा माणूस राजा होता ते फुकट दारात आलं होतं, आणि ज्यातलं काही कळत नव्हतं त्यासाठी यानं फंड मोडला.

मी लोकांना सांगतो ते एवढंच. पैसे हातात आल्यावर निदान सहा महिने मोठा खर्च नाही. घर नाही, गोठा नाही, मेव्हण्याच्या धंद्यात भागी नाही. तोवर पैसे पोस्टात ठेवा. लगेच लागणार नाहीत ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यालाही ती खुली आहे, फक्त निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. आणि गोठाच करायचा असेल तर नोकरीत असतानाच ओळखीच्या गोठ्यावर महिनाभर पहाटे राबून बघा. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवून तिचे पैसे घेण्यात आपली माणसं धन्यता मानतात. त्यातली तीस दिवसांची रजा इथं खर्च केली तर लाखो वाचतील. पण हे कुणाला पटत नाही. निवृत्तीच्या पहिल्या वर्षात माणूस नव्या नवरदेवापेक्षा उतावीळ असतो.

‘शून्यातून सुरू करतो’ म्हणणं

लोक मला तर्कतीर्थांचं उदाहरण देतात. लक्ष्मणशास्त्री जोशींचा जन्म १९०१ चा. १९६० मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. पहिला खंड निघाला १९७६ ला, म्हणजे शास्त्रीबुवा पंचाहत्तरीत होते. तेव्हा ‘साठीनंतरच खरं काम सुरू होतं’ असं म्हणायला लोकांना आवडतं. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षं कुणी मोजत नाही. प्राज्ञपाठशाळा होती, धर्मकोशाचं संपादन चालू होतं. कोश कसा करतात हे साठीच्या आतच हाताखालून गेलेलं होतं.

आपण शास्त्रीबुवा नव्हे, पण हिशोब आपल्यालाही तोच लागतो. साताऱ्यातल्या एका बँकेतले कॅशिअर नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवशी कासच्या पठारावर जायचे, झाडं ओळखणाऱ्यांच्या मागं मागं. फोटो कमी काढायचे, वहीत जास्त लिहायचे. तिथल्या टोपली कारवी या झुडपाला बहर यायला सात वर्षं लागतात. बहराच्या वर्षी ५८ ला निवृत्त होऊन तेव्हा वही उघडली, तर आणखी दोन बहर नोंदवेपर्यंत माणूस ७२ चा होतो. यांच्याकडे निवृत्त व्हायच्या आधीच दोन बहर लिहिलेले होते, त्यामुळे १ तारखेला सकाळी ‘आता काय’ हा प्रश्न आला नाही. उलट कॉलेजातली पोरं प्रकल्पासाठी त्यांना शोधत घरी आली.

म्हणून काम निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी धरा, छोटं धरा, आणि असं धरा की ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी कुणीतरी तुमची वाट बघत असेल. बागकाम, वाचन, ध्यान हे सगळं चांगलं आहे, पण गुलाब तुमची वाट बघत नाही. नऊ वाजता गेलात काय आणि अकरा वाजता काय. महिन्याभरात अकराचे चार होतात आणि मग माणूस टीव्हीसमोर सापडतो.

खुर्ची बरोबर घेऊन फिरणं

ही माझी लाडकी चूक, कारण ती करणाऱ्याला कधीच दिसत नाही. एक निवृत्त अधिकारी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत मदत करायला आले. हेतू चांगला होता. पहिल्या दिवशी तासभर ‘मी प्रांत असताना’ चाललं. पोरांना निबंध तपासून हवे होते. निबंधांचा गठ्ठा साहेबांनी शिपायाच्या आशेनं इकडंतिकडं बघत टेबलावर ठेवला, तो तिथंच राहिला. दोन आठवड्यांनी साहेब म्हणाले, हल्लीच्या पोरांना किंमत नाही.

पोरांना किंमत होती, वेळ नव्हता. पन्नाशीच्या आतल्या कुणालाच तुमच्या हुद्द्याशी देणंघेणं नसतं. तुम्हाला काय येतं आणि तुम्ही मंगळवारी येणार का, एवढंच ते बघतात.

माझी सवय अशी की नव्या ठिकाणी गेलं की पहिले तीन-चार महिने सतरंजी घालायची, हजेरी लिहायची, चहाचे कप आत नेऊन ठेवायचे. आडनावाच्या आधी जुना हुद्दा लावायचा नाही. सल्ला कुणी मागितला तरच, तोही छोटा. हे सांगितलं की लोक हसतात, मग अध्यक्षपद मिळेल अशा संस्था शोधतात. साताऱ्यात अशा संस्थांना तोटा नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पाच समित्या एकदम घेणं. सहा महिन्यांत पाचही सुटतात. एकच घ्या.

घरात ऑफिस उघडणं. बायकोनं तीस वर्षं तुमच्याशिवाय स्वयंपाकघर चालवलंय, तिथं डब्यांना लेबलं लावायला जाऊ नका. तिचं दुपारचं वेळापत्रक आधी विचारून घ्या आणि त्यात मध्ये येऊ नका.

‘७५ झाली की एसटी फुकट, तेव्हा महाराष्ट्र बघू.’ सवलत आहे, २०२२ पासून आहे, पण गुडघ्यांना ती लागू नाही. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’च्या टेकडीपर्यंत चढताना आज धाप लागत असेल तर फिरणं आजच सुरू करा. ६५ ला अर्धं तिकीट मिळतंच.

दोन टक्के जादा व्याजासाठी सगळी रक्कम ओळखीच्या पतसंस्थेत. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. चेअरमन भला माणूस आहे, हे माझ्यासमोर बसून बऱ्याच जणांनी सांगितलंय. नंतर त्यातलेच काही जण रडायलाही आले.

राहतं घर हयातीतच पोरांच्या नावावर करणं. करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अट मोडल्यास ते रद्द करून घेण्याची सोय आहे, पण अट लिहिलेलीच नसेल तर भांडणं अवघड होतं. ‘पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं’ म्हणणाऱ्यांना मी आग्रह करत नाही, फक्त वकिलाचं नाव सांगून ठेवतो.

नामनिर्देशन न बदलणं. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं तसंच असतं. आज कपाट उघडून बघा.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरणं. जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला २०१४ पासून आहे, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. तरी काही जण मुद्दाम बँकेत जाऊन रांगेत उभे राहतात, जुने सहकारी भेटतात म्हणून. त्यांना मी काही बोलत नाही.