वायफाय रखडलंय? आधी केबल लावून बघा
नवा राउटर घेण्याआधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून बघा. केबलवरही वेग कमीच असेल, तर अडचण बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये असते. वेग चांगला मिळाला, तर दोष वायफायच्या सिग्नलचा. २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या नेहमीच्या लहरींच्या पट्ट्यावर शेजारपाजारचे राउटर एकमेकांच्या लहरींत घुसतात. एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातले क्रमांक दिलेले भाग, तिथे तीनच: १, ६ आणि ११. सेटिंगमध्ये त्यातलं कमी गर्दीचं निवडा. राउटर लोखंडी कपाटात कोंडू नका. आणि कृपा करून मागच्या बारीक छिद्रातलं रिसेटचं बटण टाचणीने दाबू नका! नुसतं बंद करून पुन्हा चालू करणं वेगळं; रिसेटने वायफायचं नाव, पासवर्ड, कनेक्शनची माहिती सगळंच पुसलं जातं.