डोकेदुखी लांबली तर: एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी आणि घरच्यांनी या चुका टाळाव्यात

एचआयव्हीसह जगणारा एखादा रुग्ण मेंदूच्या संसर्गाने बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असताना वाशीच्या किंवा कळव्याच्या रुग्णालयात आणला जातो, तेव्हा नातेवाइकांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी एकदा उघडून पाहावी. तिच्यात पॅरासिटामॉलच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या असतात, पित्ताच्या गोळ्या असतात, चक्करेसाठी दिलेले औषध असते आणि पुष्कळदा चष्म्याचा नंबर तपासल्याची चिठ्ठीही असते. तीन-चार आठवडे डोके दुखत होते, दोन-तीन डॉक्टर झाले, पण आपल्याला एचआयव्ही आहे किंवा आपण एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या मध्येच बंद केल्या आहेत, हे रुग्णाने त्यांपैकी कोणालाही सांगितलेले नसते. या संसर्गांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत आणि ते वेळेवर सुरू झाले तर माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. त्यामुळे हातचे गेलेले हे आठवडेच मला सर्वांत जास्त खटकतात.

‘ताप जोरात नाही, म्हणजे काही गंभीर नाही’

मेंदूज्वर म्हटले की कडकडून ताप, ताठलेली मान आणि उलट्या असे चित्र आपल्या मनात असते. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या १००च्या खाली गेलेल्या व्यक्तीत हे चित्र बरेचदा दिसत नाही, कारण मान ताठणे किंवा जोराचा ताप येणे ही शरीराच्या प्रतिकाराची चिन्हे आहेत आणि येथे प्रतिकारच क्षीण झालेला असतो. क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर एक ते चार आठवडे हळूहळू वाढत जातो. दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, अधूनमधून कणकण, मळमळ, पुढे धूसर किंवा दोन-दोन दिसणे आणि वागण्यातला बदल, असा त्याचा क्रम असतो. क्षयाचा मेंदूज्वरही असाच सावकाश येतो. टोक्झोप्लाझ्मा या परजीवीमुळे मेंदूत गाठी होतात, तेव्हा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा आयुष्यात पहिल्यांदाच फिट येणे, अशी लक्षणे आधी दिसतात.

याचा अर्थ प्रत्येक डोकेदुखीने घाबरून जावे असा नाही. ज्यांच्या गोळ्या नियमित चालू आहेत आणि ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, दबलेला आहे, त्यांची डोकेदुखी इतरांसारखीच साधी असण्याची शक्यता जास्त असते. पण सीडी४ कमी आहे किंवा किती आहे ते ठाऊक नाही, गोळ्या सुटल्या आहेत किंवा निदान नुकतेच झाले आहे, अशा वेळी आठवडाभर टिकलेली किंवा रोज वाढत जाणारी डोकेदुखी एआरटी केंद्रातील डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. फिट, गुंगी किंवा नजरेतला बदल असेल, तर केंद्राच्या वेळेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे.

आजार लपवणे

ठाण्यातील चाळीत काय किंवा घणसोलीतील सोसायटीत काय, बातमी फुटण्याची भीती खरी असते. तिच्यापायी ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासूनही एचआयव्ही लपवला जातो आणि ते बिचारे अर्धशिशी किंवा सायनस समजून उपचार करत राहतात. रुग्णाची एचआयव्हीविषयक माहिती गुप्त ठेवणे हे २०१७च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने बंधनकारक केले आहे आणि आजारामुळे उपचार नाकारण्यास त्याच कायद्याने बंदी केली आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. चारचौघांसमोर बोलायचे नसेल, तर डॉक्टरांना एकटे गाठून एआरटी केंद्राची पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली तरी काम भागते.

याच चुकीची दुसरी बाजू डॉक्टरांकडे आहे. लांबलेली डोकेदुखी, पहिली फिट किंवा तरुण वयातला अर्धांगवायू यांच्या कारणाचा शोध घेताना रुग्णाला विचारून एचआयव्हीची चाचणी करून घेतली पाहिजे. माणूस सुशिक्षित आहे, संसारी आहे किंवा वयस्कर आहे, म्हणून तो प्रश्नच विचारायचा नाही, हा संकोच रुग्णाला महागात पडतो.

पाठीतले पाणी काढू न देणे

या एका नकारामुळे जेवढा घोळ होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नसावा, असे माझे मत आहे. “पाठीतून पाणी काढले की माणूस कायमचा लुळा पडतो,” असे वॉर्डातला शेजारचा नातेवाईक सांगतो आणि संमतीपत्रावर सही होत नाही. मेंदूभोवतीचे पाणीच खाली मणक्यात उतरलेले असते, म्हणून मेंदूज्वराच्या तपासणीसाठी ते कमरेतून काढतात. प्रत्यक्षात काय करतात, हे समजून घ्यावे. रुग्णाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, कमरेची जागा स्वच्छ करून बधिर करतात आणि कमरेच्या मणक्यांमधील फटीतून बारीक सुई घालतात. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, सुई त्याच्या खाली जाते, म्हणून तिने मज्जारज्जूला इजा होत नाही. नंतर काही दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते, ती बहुधा आपोआप थांबते. लुळेपणा आलाच असेल, तर तो जवळजवळ नेहमी मूळ आजारामुळे आलेला असतो, आणि पाणी काढण्यास उशीर केल्याने तो येण्याची शक्यता वाढते.

क्रिप्टोकॉकसच्या आजारात ही सुई तपासणीबरोबर उपचारही असते. बुरशीमुळे मेंदूभोवतीचे पाणी वाहून जाण्याची वाट तुंबते आणि डोक्यातला दाब वाढतो. सुईला उभी नळी जोडून हा दाब मोजतात. तो साधारण २० सेंटिमीटरपर्यंत असणे अपेक्षित असते. २५च्या वर गेला तर पाणी काढून तो उतरवावा लागतो, आणि लक्षणे कायम राहिली तर रोज पुन्हा काढावे लागते. दाब तसाच राहिला तर दृष्टी जाते, प्राणही जातो. त्यामुळे “काल तर काढले होते, आज पुन्हा कशाला?” असे म्हणून दुसऱ्या वेळी नकार देऊ नये. फिट आली असेल, एक बाजू लुळी पडली असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करून घेतात. मोठी गाठ दिसली तर सुई टाळतात, आणि तो निर्णय त्यांच्यावरच सोडावा.

‘सीटी नॉर्मल आला’ म्हणून घरी नेणे

क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात सीटी स्कॅन पुष्कळदा नॉर्मलच असतो, कारण आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात असतो. निदान होते ते पाण्यातील किंवा रक्तातील क्रिप्टोकॉकल अँटिजेनच्या, म्हणजे या बुरशीच्या अंशाच्या, चाचणीने. पट्टीवरची ही चाचणी काही मिनिटांत होते, आणि तिचे महत्त्व असे की डोके दुखू लागण्याच्या कित्येक आठवडे आधीही ती रक्तात सकारात्मक येऊ शकते. म्हणूनच सीडी४ १००च्या खाली असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी लक्षणे नसतानाही करावी, आणि २००च्या खाली असलेल्यांचीही करण्याचा विचार व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला सीडी४ कमी असेल, तर या तपासणीबद्दल केंद्रात स्वतःहून विचारावे. क्षयाच्या बाबतीत पाण्याची सीबीनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी) चाचणी नकारात्मक आली, तरी मेंदूचा क्षय नाही असे ठरत नाही. डॉक्टर बाकीच्या चिन्हांवरून औषध सुरू करत असतील, तर अहवालाकडे बोट दाखवून ते थांबवू नये.

गोळ्यांची घाई आणि गोळ्यांचा खंड

एचआयव्हीचे निदान झाले की एआरटी लवकरात लवकर सुरू करावी, हा नियम योग्यच आहे. मेंदूच्या संसर्गात मात्र त्याला अपवाद आहे आणि तो नातेवाइकांना उलटा वाटतो. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात आधी बुरशीवरचे उपचार सुरू करून एआरटी ४ ते ६ आठवड्यांनी देतात, क्षयाच्या मेंदूज्वरातही काही आठवडे थांबतात. प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर मेंदूत सूज येऊन रुग्ण दगावू शकतो. म्हणून “एचआयव्हीची गोळी का देत नाही?” असे भांडण न करता ती कोणत्या तारखेपासून द्यायची आहे, ते कागदावर लिहून घ्यावे. जो आधीपासून एआरटी घेतो आहे, त्याने मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. एआरटी सुरू केल्यावर डोकेदुखी पुन्हा उठली, तर ‘गोळ्या सोसत नाहीत’ असे ठरवून त्या सोडणे हीदेखील चूकच आहे, अशा वेळी त्याच दिवशी केंद्रात जावे.

सुजेवरचे औषध म्हणून स्टेरॉइड मागण्याचा आग्रहही करू नये. क्षयाच्या मेंदूज्वरात ते डॉक्टर देतात, पण क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात त्याने अपायच होतो, हे आशिया व आफ्रिकेतील देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले, आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.

क्रिप्टोकॉकसच्या रुग्णाला रुग्णालयातून घरी आल्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. किमान वर्षभर एआरटी झाली, सीडी४ पुरेसा वाढला आणि व्हायरल लोड दबला, की डॉक्टरच ते थांबवतात. को-ट्रायमोक्साझोलची गोळी टोक्झोप्लाझ्मापासूनही संरक्षण देते, ती ‘साधी अँटिबायोटिक’ समजून टाळू नये. क्षयाचे औषध चालू असेल, तर ते एआरटी केंद्राला आणि एआरटी क्षयाच्या केंद्राला सांगावी, कारण क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे एआरटीतील डोल्युटेग्राविरचे रक्तातील प्रमाण घटते आणि त्या काळात बारा तासांनी आणखी एक गोळी घ्यावी लागते. फिटसाठीच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या औषधांचाही असाच परिणाम होतो, म्हणून फिटचे औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना एआरटीची पट्टी दाखवावी.

घरातले गैरसमज

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, रात्री उठून फिरू लागला, चिडचिडा झाला, की दारूवर, मनावर किंवा बाहेरच्या बाधेवर बोट ठेवले जाते आणि आठवडा देवऋष्याकडे जातो. कमी सीडी४ असलेल्या माणसाच्या वागण्यातला अचानक बदल हा मेंदूचा आजार समजूनच तपासावा. दुसरा गैरसमज संसर्गाचा आहे. क्रिप्टोकॉकस आणि टोक्झोप्लाझ्मा रुग्णाच्या ताटातून, कपड्यांतून किंवा शेजारी बसल्याने लागत नाहीत, त्याला वेगळी खोली देण्याचे कारण नाही. क्रिप्टोकॉकस कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत सापडतो, म्हणून इमारतीच्या डक्टमध्ये साचलेली विष्ठा एचआयव्हीसह जगणाऱ्याने स्वतः साफ करू नये. मात्र कबुतरांसाठी जाळी लावून घेतली म्हणून सीडी४ची तपासणी टळत नाही.

शेवटची चूक गावाला जाताना होते. एपीएमसीतील माथाडी, एमआयडीसीतील कंत्राटी कामगार, कोकणात गणपतीला जाणारी कुटुंबे यांच्या गोळ्या सुटतात त्या मुक्काम लांबल्यामुळे. निघण्यापूर्वी केंद्रात सांगितले तर जास्त दिवसांच्या गोळ्यांची सोय विचारता येते, आणि कायमचे जायचे असेल तर गावाजवळच्या एआरटी केंद्राकडे नाव हलवून मिळते. गावी असताना गोळ्या संपल्या, तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून जवळचे केंद्र विचारावे, आणि गोळ्या पुन्हा सुरू करताना किती दिवसांचा खंड पडला हे तेथील डॉक्टरांना खरे सांगावे.