रोमन चांदीची नाणी घेताना आधी कड बघा

सुरुवात सम्राट ट्रेजन (इ.स. ९८–११७) किंवा हेड्रियनच्या दिनारियसने, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याने करा. मुबलक मिळतात, चेहरे ठसठशीत असतात. सीझरच्या हत्तीवाल्या नाण्यामागे पहिल्याच वर्षी धावू नका. जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे नकलाही जास्त. दहापट भिंग आणि ०.०१ ग्रॅमचा काटा तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

'वजन भरलं म्हणजे नाणं खरं' हा सल्ला मी ऐकला आणि फसलो. माझा पहिला ट्रेजन ३.२ ग्रॅम, चोख. वर्षभराने एका लिलावाच्या फोटोत त्याचा जुळा भाऊ दिसला: नाकासमोर तोच ओरखडा, कडेला तीच चीर. रोमन टांकसाळीत प्रत्येक चकती हातोड्याने ठोकत. एकाच ठशाची दोन नाणी सापडतात, पण चकतीचा आकार आणि नंतरचे ओरखडे कधीच जुळत नाहीत. जुळले तर किमान एक नकली, बहुधा दोन्ही. पैसे देण्याआधी जुन्या लिलावांचे फोटो चाळायचे ते यासाठी.

नाणं हातात आलं की चेहऱ्याआधी कड. ओतीव नकलेला साच्याची शिवण येते. ती घासून काढली तर कडेवर कानशीचे एकसारखे चरे राहतात. ठोकलेली अक्षरं धारदार उठतात, ओतीव अक्षरं वापरलेल्या साबणासारखी दिसतात. बारीक खड्डे मात्र गंजानेही पडतात, तेवढ्यावर निकाल देऊ नका. आणि टेबलावर आपटून आवाज ऐकणाऱ्याच्या हाती नाणं देऊच नका! इतकी जुनी चांदी ठिसूळ झालेली असू शकते, तुकडे पडतात.

झिजलेल्या जागी तांबं डोकावलं, तर ते त्या काळचंच खोटं नाणं असू शकतं: आत तांबं, वर चांदीचा पत्रा. मी ती हौसेने घेतो, पण खऱ्याच्या भावाने नाही.

'कोइम्बतूरकडे शेतात सापडलं' असं कुणी सांगितलं तर उठून या. ऑगस्टस-टिबेरियसची नाणी त्या भागात खरोखरच सापडली आहेत, म्हणून तर ही गोष्ट खपते. आणि खरी असली तरी गाडलेलं धन सरकारला कळवावं लागतं. १८७८चा कायदा आहे.

चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लावू नका. पीव्हीसीची पाकिटं नकोत, चांदीवर हिरवट चिकटा चढतो. पावती जपा. शंभर वर्षांवरचं नाणं आपल्याकडे पुरावस्तू ठरतं, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनही पाठवता येत नाही.