पॅराग्लायडिंग करताना वजनाच्या या चुका टाळा

पाचगणीत नुकताच शिकून तयार झालेला पायलट जुनी विंग (पॅराग्लायडरचं कापडी छत) घ्यायला निघतो, तेव्हा रंग बघतो, किंमत बघतो, किती तास उडाली आहे ते विचारतो. विंगच्या आत शिवलेल्या पट्टीवर ६५ ते ८५ किलो असं छापलेलं असतं. आपलं वजन ७२, म्हणजे अगदी मधोमध, असं म्हणून तो पैसे मोजतो. चूक झालेली असते ती इथेच.

पट्टीवरचा आकडा माणसाचा नसतो. टेक-ऑफच्या क्षणी हवेत जे जे जाणार, त्या सगळ्याचं ते वजन. ७२ किलोच्या पायलटचा हिशेब मांडून बघा: कपडे, बूट, हेल्मेट मिळून ४, हार्नेस (पायलट ज्यात बसतो तो पट्ट्यांचा साज) ६, रिझर्व्ह म्हणजे संकटकाळचं राखीव पॅराशूट २, खुद्द विंग ५, व्हेरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं यंत्र), रेडिओ, फोन मिळून १ आणि पाण्याची बाटली २. झाले ९२! ज्या विंगमध्ये आपण मधोमध बसतो असं वाटत होतं, तिच्या कमाल मर्यादेच्या ७ किलो वर आपण आहोत. साधारण १८ ते २० किलो सामानाचे धरावेत हा ठोकताळा बरा आहे, पण ठोकताळ्यावर विंग घेऊ नका. आपल्या भागात काट्यांना तोटा नाही. स्ट्रॉबेरीचे क्रेट मोजतात तो मोठा काटा कुठल्याही संकलन केंद्रावर सापडेल. हार्नेस चढवून, विंगची पिशवी पाठीवर घेऊन, भरलेल्या बाटलीसकट त्यावर उभे राहा. जो आकडा येईल तो तुमचा.

'आठपट ताकद असते, पाच-सात किलोंनी काय होतंय?'

हे वाक्य टेक-ऑफवर हमखास ऐकू येतं. आठपट ही गोष्ट खरी आहे. ईएन ९२६ या युरोपीय मानकात विंगला कमाल वजनाच्या आठपट भार सोसावा लागतो. पण ती राखीव ताकद तुमच्या जादा किलोंसाठी ठेवलेली नाही. जोरदार स्पायरलमध्ये, म्हणजे गरगरत झपाट्याने खाली येताना, शरीरावर तीन-चारपट भार सहज येतो. शिवाय चाचणी नव्या कोऱ्या विंगची होते. तुमच्या विंगच्या दोऱ्यांनी उन्हाळ्यातलं ऊन खाल्लेलं असतं, टेबललँडची (पाचगणीच्या पठाराची) तांबडी धूळ आणि जांभ्या दगडाचं घासणं सोसलेलं असतं. मार्जिन आधीच तिथे खर्च होत असतं.

आणि खरं सांगायचं तर, जास्त वजनाने विंग फाटण्याची भीती दुय्यमच. आधी बदलते ती तिची वागणूक. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १० टक्के वजन वाढलं की वेग साधारण ५ टक्के वाढतो, स्टॉलचा वेगही (ज्याच्या खाली विंग उचलून धरणं सोडते तो) तेवढाच वर सरकतो, आणि जमिनीला टेकताना शरीरात असलेली ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढलेली असते. कोलॅप्स झाला, म्हणजे विंगचा भाग हवेत मिटला, तर विंग जास्त झपाट्याने वळते, डुबकी मारते. ए किंवा बी हा जो सुरक्षेचा वर्ग पट्टीवर लिहिलेला असतो, तो चाचणी-पायलटने किमान आणि कमाल अशा दोन्ही वजनांवर उडवून ठरवलेला असतो. त्या दोन आकड्यांच्या बाहेर गेलात की तुमच्या हातात बी वर्गाची विंग राहत नाही. ती कशी वागेल हे कोणी तपासलेलंच नाही.

रिझर्व्हचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. विंग बदलते, वजन वाढतं, रिझर्व्ह मात्र तेच जुनं. ईएन १२४९१ या रिझर्व्हच्या युरोपीय मानकाप्रमाणे कमाल वजनाला रिझर्व्हने सेकंदाला ५.५ मीटरपेक्षा जोरात खाली येता कामा नये. दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखं ते पडणं असतं. आता १०० किलोच्या रिझर्व्हखाली १२० किलो लटकवा. वेग ६ मीटर होतो. त्यात ५.५ हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेचा, आणि पाचगणी आहे सुमारे १३०० मीटरवर, जिथे हवा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ आहे. म्हणजे पठारावर पडलात तर सेकंदाला ६.४ मीटर, म्हणजे दोन मीटरहून जास्त उंचीवरून उडी. कड्याच्या उतारावर, दगडांत. घोटे आणि मणका यांना हा फरक फार मोठा आहे.

हलका माणूस सुरक्षित, हा समज सोडा

मला जास्त काळजी वाटते ती कमी वजनाच्या पायलटांची, कारण त्यांना कोणी हटकत नाही. मुली, किडकिडीत पोरं यांच्या हातात मित्राची किंवा क्लबची मोठी विंग येते आणि 'छान तरंगशील' असा आशीर्वादही मिळतो. ८५ ते १०५ किलोच्या विंगखाली एकूण ७८ किलो असेल, तर कमाल वजनाला ताशी ३८ किलोमीटर जाणारी ती विंग ३३ वर येते. दुपारी कृष्णेच्या खोऱ्यातून वारा चढतो, कड्याच्या माथ्यावर तो आणखी दाबला जातो. तिथे ३० चा वारा असला तर पुढे सरकायला उरतात जेमतेम ३. जरा जोर वाढला की तुम्ही उलटे पठारावर, कड्यामागच्या रोटरमध्ये, म्हणजे भोवऱ्यासारख्या खवळलेल्या हवेत. ढिली विंग थर्मलच्या (वर चढणाऱ्या गरम हवेच्या) कडेला लवकर मिटतेही.

पक्क्या पंखांच्या ग्लायडरमध्ये (बिनइंजिनाच्या विमानात) कॉकपिटमध्ये कमाल वजनासोबत किमान वजनही लिहिलेलं असतं. पायलट फार हलका असेल तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, नाक वर उचललं जातं आणि स्पिनमधून (गिरक्या घेत कोसळण्यातून) बाहेर येणं अवघड होतं. म्हणून तिथे सीटपाशी शिशाचं वजन बसवतात. आपल्याकडे त्यासाठी पाण्याची पिशवी वापरा, हार्नेसमध्ये घट्ट बसवलेली. दगड किंवा वाळू नको. पाणी लँडिंगआधी सोडून देता येतं. पाच-सहा किलोंपेक्षा जास्त पाणी लागत असेल तर सरळ लहान साइज घ्या.

टँडेमवाल्यांसाठी (पाहुण्याला सोबत घेऊन उडणाऱ्यांसाठी)

पर्यटकाला 'वजन किती?' विचारलं की 'सत्तर-बहात्तर असेल' हे उत्तर येतं, आणि काट्यावर निघतात ८५. तोंडी उत्तरावर विसंबू नका. पायलट ७५, पाहुणा ९५, सामान ३० म्हणजे २००. ही बेरीज विंगच्या पट्टीशी आणि टँडेम रिझर्व्हच्या आकड्याशी, दोन्हींशी ताडून बघा. लहान मूल घेतलं तर उलट बाजूने ताडा, किमान वजन भरतंय का ते. टेबलापाशी काटा ठेवा, पैसे घेण्याआधी वजन करा, आणि आकडा बसत नसेल तर दुसरा पायलट किंवा दुसरी विंग द्या. तीही नसेल तर नाही म्हणा, पाहुणे मुंबईहून खास त्यासाठी आलेले असले तरी.